पॉलिश मारून ठेव

चंद्रपूरकडचा पोट्टा काही लिहून राह्यला म्हटलं का वाचणारा सरसावून बसते. आता वाघ येईन. आधी चितळ ओरडन, मंग माकड खाकरन, मंग झुडूप हालन अन् मंग साक्षात साहेब. त मी आताच सांगून टाकतो, वाघ येत नाई. मधात येत नाई, शेवटी येत नाई, कोणाच्या सपनात बी येत नाई. मोहर्लीच्या जंगलाच्या गेटातून कुठून-कुठून आलेले लोक आत जाते, मान अवघडेपर्यंत वाट पाहते, अन् त्यायले बी नाई दिसत. तुम्हाले घरबसल्या काऊन दिसावा?

माह्या गोष्टीत हाय ते लोखंड. तेबी बारकंसारकं. बोनेटच्या क्लिपा, आरशाच्या दांड्या, मांगच्या फळक्याच्या कड्या. असं लोखंड का भंगारवाला बी पाहून तोंड फिरवन. अन् एक मशीन हाय, जे माह्या हातात मावते पण मोहल्ल्यात मावत नाई.

मशीनच्या डब्यावर रोटरी टूल असं लिहून होतं. जाड पेनासारखी दिसते. तिच्या तोंडात काय घालान ते गरगर फिरते. तारेचा ब्रश घातला का गंज उडते. नमद्याचं बारकं चाक घातलं अन् त्याले पॉलिशची हिरवी वडी घासली, का लोखंड असं चमकते का त्याच्यात पाहून दातात अडकलेली मेथी काढता येते. आमच्या राजुऱ्यात मी दोस्तायच्या गाड्यायचे ब्रेकचे लिव्हर असे चमकवून देत होतो. ज्याची गाडी तिघायनं ढकलल्याबिगर चालू होत नोती, त्याचं बी लिव्हर लखलखत होतं. ढकलणारे म्हणत, "काही म्हण, थाट हाय गाडीचा."

दुसरी मशीन माह्या गळ्यात हाय. मले आवाज काढता येते. शाळेत मांगच्या बाकावरून गणिताच्या सरायचा आवाज काढला का पुढच्या बाकावरचा पोट्टा उभा राहून पाढा म्हणे, अन् सर तिकडं फळ्यापाशी खडू धरून इचारात पडत का आपण ह्याले कवा उठवला. चितळ, माकड, जुनी जिप्सी थंडीत चालू होते तो खोकला, बाहेरून आलेल्या पाहुण्याचं "ड्रायव्हर भैया, टायगर कब आएगा?" हे सगळं माह्यापाशी हाय. पण माह्यापाशी सगळ्यात भारी कोणाचा आवाज असन, त मामाचा.

मामा माहा मोहर्लीले राह्यते. स्वतःची जिप्सी चालवते, पाहुण्यायले जंगलात फिरवते. पावसाळ्यात गेट बंद असते, तवा मामा धानाच्या बांधीत रोवणी करते अन् जिप्सी टिनाच्या छपरीत उभी राहून गंज खाते. त्या साली गेट उघडायच्या थोडं आधी मी मामाकडं गेलो. मशीन पिशवीत घेऊनच गेलो, कारण घरी मायनं सांगतलं होतं का हे एक त घरात राहीन नाईतर मी.

आता इथी तुम्हाले आमच्याकडचा एक रिवाज सांगतो, नाईतर पुढची गंमत समजणार नाई. आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडते. उलटं नाई सांगून राह्यलो. मी दारात पोचलो का एवढा मिशीवाला माणूस हातातलं काम टाकून येते अन् वाकून माह्या धुळीनं भरलेल्या चपलांले हात लावते. मी बी मोठ्या तोऱ्यानं, "असू द्या मामा, असू द्या," म्हणत पाय थोडा पुढं सरकवतो. अन् भाच्यावर हात उगारणं म्हणजे त पापच. भाच्याले मारत नसते.

इचार करा, ज्या माणसाले मारायची सोयच नाई, त्याची जीभ किती तयार झाली असन? माह्या मामाच्या रागावण्याले चाल हाय, ताल हाय. पयले आवाज एकदम मऊ, लोण्यासारखा: "वा भाचेबुवा, वा." हे 'भाचेबुवा' आलं का समजून जायचं. बाकीच्या वेळी मी 'बाबू' असतो. मंग आवाज थोडा चढते: "तुह्या मायनं तुले दूध पाजलं का ताक?" ही त्याची सख्खी बहीण, पण रागात नातं कोण पाहते. अन् शेवटी दोन्ही हात आभाळाकडं: "उचल रे देवा! मले नाईतर ह्याले!" देवानं आजपर्यंत दोघायले बी उचललं नाई. पण मामा दर वेळी वरती थोडा वेळ पाहते, न जाणो उत्तर आलं त.

त्या साली मामाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. नारळ.

गेट उघडायच्या दिवशी सगळ्यात समोरच्या जिप्सीले झेंडूचा हार घालते, तिच्यासमोर नारळ फोडते, फोटो काढते अन् मंग ते गाडी पयले आत जाते. समोर कोणती गाडी, त ज्याची गाडी जंगलखात्याच्या तपासणीत पयले पास झाली ते. ड्रायव्हर लोकायचा आपसातला रिवाज. मामाची गाडी कधीच समोर लागली नोती. एका साली आदल्या दिवशी टायर फुटला. एका साली मामाच तापानं फणफणला. एका साली मामीच्या भावाचं लगन निघालं अन् मामा वरातीत गाडीचा इचार करत नाचला. ह्या साली मामानं सगळ्या मोहर्लीले सांगून ठेवलं होतं का नारळ माह्याच गाडीसमोर फुटन. पानठेल्यावर सांगतलं, देवळात सांगतलं, बांधीत बायांसंगं रोवणी करता करता सांगतलं.

मामी म्हणे, "ह्या माणसानं माह्यासाठी कधी साधा नारळ नाई आणला. गाडीसाठी झोपेत फोडून राह्यला."

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मामानं जिप्सीचे सगळे बारके लोखंडी भाग खोलले, एका पिशवीत भरले अन् पिशवी माह्यासमोर ठेवली. सगळ्यायवर तांबडा गंज, मधात-मधात जुन्या हिरव्या रंगाचे पोपडे.

"बाबू," मामा म्हणाला, "तुही मशीन आता कामाले लाव. ह्यायले पॉलिश मारून ठेव. मी चंद्रपूरले जाऊन येतो. बाकीचं मी आल्यावर पाहतो."

बस. एवढंच म्हटलं. तुम्ही साक्षीदार हाय. "पॉलिश मारून ठेव." मामा गेला.

मी आंगणात बसलो. एका पाहुण्याचा जिप्सीत राह्यलेला काळा चष्मा मामीनं दिला, तो डोळ्यावर. नाकातोंडाले रुमाल. हातात पक्कड, कारण बारकी वस्तू फिरत्या ब्रशापुढं धरली का अशी तापते का बोट म्हणते मले सोड. खटका दाबला.

झिंईईईईई!

शेजारच्या आंगणातून आजीबाईची हाक आली, "कोनाचा दात काढून राह्यला रे?"

ह्या आजीबाईनं आताच चंद्रपूरले जाऊन दाढ काढून आणली होती. मशीन चालू झाली का ते आपला गाल गच्च धरे. मशीन बंद केली का सोडे. मी दोनचार डाव चालू-बंद, चालू-बंद करून पाह्यलं. तिकडं बी गाल धरला-सोडला, धरला-सोडला. मंग बिजलीची लाईन गेली. मी तोंडानंच काढला, "झिंईईई." आजीबाईनं गाल धरला. मामी आतून हासून राह्यली अन् वरतून म्हणून राह्यली, "नोको रे बाप्पा, पाप लागन!"

लाईन आली. गंज उडाला. पयले काळं लोखंड दिसलं, मंग राखडी, मंग पांढरं. एक बोनेटची क्लिप पकडीतून सुटली अन् सुसाट कुंपणावरून आजीबाईच्या खुराड्यात गेली. तिथी जे कोंबड्यायचं भाषण सुरू झालं, ते मी अजून पाठ करून राह्यलो. क्लिप आणाले गेलो त आजीबाई म्हणे, "माह्या कोंबडीनं अंडं दिलं नाई त तुह्या मामाकडून घीन."

गंज निघाला का मी थांबलो असतो त ही गोष्टच झाली नसती. पण माह्या कानात मामाचा आवाज. पॉलिश मारून ठेव. मी नमद्याचं चाक लावलं, हिरवी वडी घासली अन् बसलो. ज्यानं हे काम केलं त्यालेच माहीत, चमक यायले लागली का थांबणं किती कठीण असते. पयले वाटते का धुकं हाय. मंग धुक्यात काहीतरी हाललं. मंग समजते का ते आपलं नाक होय. मंग नाकातले केस दिसते. तवा माणसानं थांबावं. मी तिथी बी नाई थांबलो. क्लिपा झाल्या, दांड्या झाल्या, आरशाची दांडी आरशाहून जास्त चमकून राह्यली होती. फळक्याच्या कड्या त अशा झाल्या का नवरीच्या रुखवतात ठेवा.

मामीनं एक कडी उचलली, डोळ्यासमोर धरली, कपाळावरची टिकली सरळ केली.

"घरातल्या आरशात मी काळी दिसतो," ते म्हणाली. "ह्याच्यात बरी दिसतो. एक राहू दे ना रे इथी."

"मामी, गाडीची हाय ते."

"गाडीले काय टिकली लावाची हाय?"

दिवस कलला तवा मी सगळा माल टॉवेलावर मांडून ठेवला, जसं सोनार मांडते. माहं तोंड वडीच्या धुळीनं काळं झालं होतं. दात तेवढे पांढरे. त्याच दातायनं मी हासत उभा होतो तवा मामा आला. एका हातात मोटरसायकलची चाबी, एका हातात डबा. हिरव्या रंगाचा.

मामा टॉवेलासमोर उभा राह्यला. एक कडी उचलून उलटी-सुलटी करून पाह्यली. मले वाटलं, खुश झाला.

"हे काय होय?"

"पॉलिश."

"काऊन?"

"तुम्हीच म्हटलं मामा, पॉलिश मारून ठेव."

"अबे, पॉलिश म्हणजे पॉलिश पेपर! पॉलिश पेपर मारून ठेव म्हटलं होतं! गंज निघाला पाह्यजे, लोखंड खरबडलं पाह्यजे, मंग त्याच्यावर रंग धरते!"

"पेपर कुठी म्हटलं तुम्ही?"

"पेपर काय म्हणाचं त्यात? सगळ्या दुनियेले समजते!"

आता तुम्हीच न्याय करा. एक कागद असते. त्याच्यावर रेती चिपकवली असते. तो गुळगुळीत लोखंडावर घासला का लोखंड खरबडीत होते. अशा कागदाले आमच्याकडं काय म्हणते? पॉलिश पेपर! ज्या माणसानं हे नाव ठेवलं, तो मले कुठी भेटला त मी त्याच्या पाया पडन, भाचा नसला तरी. मुंडण करून देणाऱ्याले केस वाढवणारा म्हटल्यासारखं झालं. अन् मामाच्या मतानं चूक कोणाची, त माही.

"जंगलात चमकलेलं चालत नाई बाबू," मामा डोकं धरून खाली बसला. "ऊन पडलं का चमक मारते. जनावर बिचकते. अन् जनावराच्या आधी तपासणीचे साहेब बिचकते. गाडीवर एक खिळा चमकाले नाई पाह्यजे, हे पयलं पाहते ते."

"मंग आता हिरवा रंग मारा ना वरतून. कोणाले दिसन?"

हे मी म्हटलं, कबूल. पण मामानं डोकं वर केलं, त्याच्या डोळ्यात नारळ दिसला, अन् तो म्हणाला, "रंगच त हाय. बसन." हे त्यानं म्हटलं, हेबी लिहून ठेवतो.

मामीनं एक क्लिप बोटानं घासून पाह्यली. "अहो, हे तेलकट लागते. पुसून त घ्या. पुन्हा खरबडून त घ्या."

"आता खरबडत बसलो त रंग कवा वाळन? तुले काय समजते रंगातलं?"

मामीनं मांगं होऊन हाताची घडी घातली. ज्या नवऱ्यायनं ही घडी पाह्यली हाय त्यायनं इथीच गोष्ट ओळखली असन.

मामानं रंग मारला, दोरीवर चिमट्यानं सगळे भाग टांगले. सकाळी हात लावून पाह्यलं त वाळलेले वाटले. जिप्सीले बसवले. मामानं आंघोळ केली, टिळा लावला, पांढरा शर्ट घातला. मले म्हणाला, "चाल बाबू, रांगेत पयला नंबर आपला." गाडीत तो गाणं गुणगुणत होता. रागावला बी नाई. नारळ एवढा जवळ आला होता का त्याले रागावाले वेळ नोता.

खरंच आमचीच गाडी सगळ्यात समोर लागली. मांगं बाकीच्यायच्या जिप्स्या. मामा समोर जाऊन कागद दाखवत उभा राह्यला अन् इकडं चारपाच ड्रायव्हरायनं मले घेरलं. मले ते सगळे ओळखत होते.

"भाचे, काल काय झालं म्हणते? मामा रागावला का नाई?"

"नाई ना."

"मंग काऊन नाई? कर ना तू. मामा कसा रागावला असता ते कर."

आता असं कोणी म्हटलं का माह्या गळ्यातला खटका आपोआप दबते. मी मिशीवरून हात फिरवला, पोट पुढं काढलं अन् सुरू झालो. मऊ आवाजात, "वा भाचेबुवा, वा." ड्रायव्हर फुटले. "तुह्या मायनं तुले दूध पाजलं का ताक?" एक जण हासता हासता टायरवर बसला. "उचल रे देवा! मले नाईतर ह्याले!" अन् वर पाहून थोडा थांबलो, उत्तराची वाट पाहत. तिथी त टाळ्याच पडल्या. मामानं समोरून वळून पाह्यलं, त्याले वाटलं त्याच्या गाडीसाठी टाळ्या होय. त्यानं हात जोडले.

तेवढ्यात साहेब आले. नवीनच आले होते, तिकडं पुण्या-बिण्याकडचे असावे, कारण प्रत्येक शब्द धुऊन वाळवून बोलत. गाडीभोवती एक चक्कर मारली. टायर पाह्यले, पाण्याचा डबा पाह्यला. मामा मांगं-मांगं, चेहऱ्यावर असा भाव जसा नारळ हातातच हाय. साहेबायनं मांगचं फळकं उघडाले कडीले हात लावला, खाली ओढली.

कडी खाली आली. रंग साहेबाच्या हातात आला. पोपडा नाई, अख्खी कात. साप कात टाकते ना, तशी हिरवी लांब साल साहेबाच्या बोटाले लोंबून राह्यली होती, अन् तिच्या आतून माही कडी निघाली. धुतलेली, पुसलेली, नवरीसारखी.

"हे काय आहे?" साहेबायनं इचारलं.

"रंग साहेब," मामा म्हणाला.

"रंग माझ्या हाताला आहे. गाडीला काय आहे?"

मामा काही बोलणार तेवढ्यात झाडावरून ऊन घसरलं, बरोब्बर कडीवर पडलं, अन् तिथून उन्हाचा एक तुकडा उडून साहेबाच्या चष्म्यात जाऊन बसला. साहेबायनं डोळे मिटले, मान फिरवली. तुकडा तिथून वरतं गेला, मोहाच्या फांद्यायत. वरती माकड बसलं होतं. ते खाकरलं, "खॉक! खॉक!"

सगळे ड्रायव्हर एकदम वळले. गाड्यायच्या पायदानावर चढले, हात डोळ्यावर धरून झुडपाकडं पाहू लागले. माकड खाकरलं म्हणजे...

बसा खाली. मी पयलेच सांगतलं ना, येत नाई म्हणून. कडी होती ते.

साहेबायनं मंग एकएक भागाले बोट लावून पाह्यलं. जिथी बोट, तिथी चमक. क्लिपा निघाल्या, दांड्या निघाल्या. माहं सगळं काम एका मांगं एक बाहेर येऊन लोकायले दिसून राह्यलं होतं, अन् खरं सांगू, असं उघड्यावर, उन्हात, मले ते पयल्यांदाच नीट दिसलं. भारी झालं होतं.

"गाडी बाजूला घ्या," साहेब म्हणाले. "हे सगळं नीट करून आणा. बाकीच्या गाड्या झाल्या की शेवटी बघू."

शेवटी. मामानं जिप्सी बाजूले घेतली. मांगची गाडी समोर सरकली. तिच्या मांगची तिच्या जागी. मामा स्टेअरिंग धरून तसाच पाहत राह्यला, मंग उतरला, माह्याकडं आला. ड्रायव्हर सगळे तिथीच उभे.

"वा भाचेबुवा, वा," मामा म्हणाला.

कोणीतरी फिसकन हासलं.

मामानं तिकडं लक्ष नाई दिलं. आवाज चढवला. "तुह्या मायनं तुले..."

"दूध पाजलं का ताक!" टायरवर बसलेल्यानं पुरं केलं. बिचाऱ्याचा कंट्रोलच नाई राह्यला. अन् मंग सगळे असे हासले का साहेबायनं बी वळून पाह्यलं.

मामाचे हात आभाळाकडं निघाले होते ते अर्ध्यात थांबले. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मंग ड्रायव्हरायकडं. मंग पुन्हा माह्याकडं. समजलं त्याले सगळं.

"माहं रागावणं बी तूच वापरून टाकलं?"

एवढंच. हात खाली घेतले. गाडीच्या डिक्कीतून एक कागद काढला, माह्या मांडीवर टाकला अन् जाऊन दूर एका दगडावर बसला.

पॉलिश पेपर होता.

मी तिथीच रस्त्याच्या कडेले बसून जे काल दिवसभर केलं होतं ते सगळं हातानं उलटं केलं. एकएक क्लिप, एकएक कडी. खर्र-खर्र. आपलंच नाक त्या लोखंडात पयले धूसर झालं, मंग गेलं. चहाच्या टपरीवरून आणलेल्या गरम पाण्यानं धुतलं, पुसलं. मामानं घरून डबा आणून रंग मारला, उन्हात सुकवला. गाडी पास झाली, पण सगळ्यात शेवटी. घरी मामीनं दोघायचे चेहरे पाह्यले, मामाले म्हणाली, "मले काय समजते रंगातलं," अन् जेवण वाढलं.

गेट उघडलं त्या दिवशी मी बी गेलो. हार दुसऱ्याच्या जिप्सीले पडला. नारळ फुटला, पयल्याच झटक्यात, दोन सारख्या वाट्या. मामा रांगेच्या शेपटाले, स्टेअरिंगवर हात ठेवून, धुळीतून पाहून राह्यला होता. ज्याचा मान होता तो ड्रायव्हर चांगला माणूस. त्यानं खोबऱ्याचा तुकडा मांगपर्यंत पाठवला. मामानं घेतला, कपाळाले लावला अन् शर्टाच्या खिशात ठेवला. खाल्ला नाई. मी मांगं उभा होतो. त्यावेळी मले कोणाचाच आवाज काढावा वाटला नाई.

आता तुम्ही म्हणान, शेवटच्या गाडीले दिसला असन. गोष्ट अशीच असते ना, पयल्याले दिसत नाई, शेवटच्याले रस्त्यात आडवा बसून भेटते. नाई. कोणालेच नाई दिसला. सगळ्या गाड्या चितळ पाहून परत आल्या.

मामा माह्यासंगं बोलत नोता. घरात मामा मामीले सांगे, "अवो, ह्याले भाजी वाढ," "अवो, ह्याले सांग आंघोळीचं पाणी तापलं," असं चाललं होतं. शेजारची आजीबाई कुंपणावरून म्हणे, "आज मशीन काऊन बंद हाय रे? माहा गाल वाट पाहून राह्यला." मले मामाच्या त्या तीन ओळी ऐकाच्या होत्या. दूध, ताक, देव, काहीबी. पण त्या आता त्याच्याजवळ राह्यल्याच नोत्या. त्या मी त्या रांगेत उडवून टाकल्या होत्या.

निघायच्या दिवशी मामा मले एसटीपर्यंत सोडाले आला. पिशवी त्यानंच धरली होती. गाडी येऊन उभी राह्यली, कंडक्टर "चला, चला," करून राह्यला. मी पायरीवर एक पाय ठेवला अन् वळलो. रिवाज म्हणजे रिवाज. मामा वाकला. दोन्ही हात माह्या चपलांवर ठेवले. मी म्हटलं, "असू द्या मामा." पण तो उठलाच नाई. तसाच वाकलेला, माह्या चपलांशीच बोलाले लागला. हळू आवाजात, अन् त्यात एक बी शब्द पयले ऐकलेला नोता.

"पाया पडून राह्यलो म्हणून मोठा समजू नोको सोताले. टायर फुटला त्या साली मी कंपनीले शिव्या देल्ल्या. ताप आला त डासायले देल्ल्या. लगन निघालं त तुह्या मामीच्या सगळ्या खानदानाले देल्ल्या. ह्या साली कोनाले देऊ? सांग ना! कोनी बिघडवून ठेवलं असतं त त्याले धुतला असता. तू त चांगलं करून ठेवलं बे! एवढं चांगलं का माहा नारळ गेला! आपली गाडी लय चमकून राह्यली म्हणून मांगं राह्यली, हे मी पानठेल्यावर कोन्या तोंडानं सांगू?"

"मामा, गाडी सुटून राह्यली."

"सुटू दे. पुढच्या साली तपासणीच्या आठ दिवस आधी येजो. ते मशीन घरी तुह्या मायपाशी ठेवून येजो. मी पेपर देईन, तू घासजो, अन् मी थांब म्हटलं का थांबजो. अन् हे मी आता जे बोलून राह्यलो, हे राजुऱ्यात जाऊन माह्या आवाजात कोनाले करून दाखवलं त याद राख, भाचा म्हणून पाहणार नाई, पाप लागलं त लागलं. आवाज नोको मले. मशीनचा बी नोको अन् तोंडाचा बी नोको. चाल, चढ वरती."